हेमराज आण्णांची सायबर नाकाबंदी

लोणखेड्याच्या हेमराज आण्णांना फसवणारा चोर अजून जन्माला यायचा होता! असं आण्णा स्वतःच सांगत, तेही कोणी न विचारता. मागे शहाद्याला सायबर सुरक्षेचं शिबिर झालं. केळीची बाग वाऱ्यावर सोडून आण्णा दिवसभर तिथं बसले आणि परत आले ते निराळेच होऊन. अनोळखी फोन? चोर! मोबाइलवर फाईल आली? चोर! बँकेच्या मॅनेजरनं सहज तब्येत विचारली, तर त्या भल्या माणसालाही आण्णांनी पोलिसांची भीती घातली.

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असावी, हे तिचं नशीब! हेमांगीनं तळोद्याचा चंदन एका लग्नात पाहिला होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. तिच्या मामानं, म्हणजे सारंगखेड्याच्या राजेंद्रनं, चंदनच्या काकांना आण्णांचा नंबर दिला. सरलाबाईंना हे सगळं ठाऊक होतं, पण नवऱ्याला त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. मागच्या स्थळाच्या वेळी बोलणी सुरू व्हायच्या आत आण्णांनी मांडववाला ठरवला होता आणि ते स्थळ बिचकून पळालं होतं.

दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी! आण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"हेमांगीना बाप बोली ऱ्हायनात का?"

"तुम्ही कोन?"

"मी लोटन पाटील, तळोदाथीन. पोरनी जन्मतारीख सांगा बरं. जन्मनी येळबी सांगा. अन् पोरनी मायनं माहेर कोठलं? कूळ कोनतं?"

आण्णांच्या अंगावर काटा आला. शिबिरातल्या साहेबांनी अगदी हेच सांगितलं होतं! चोर आधी जन्मतारीख विचारतो, मग आईचं माहेरचं नाव. पासवर्ड विसरला की बँक हेच विचारते, म्हणून.

"वा रे गडी! आते आधार नंबरबी सांगू का?"

"आधारनी आते गरज नही," लोटन आप्पा भोळेपणानं म्हणाले, "ते लगीन लागनं म्हंजे नोंदले लागी. राजेंद्रनी सांगं नही का तुम्हले? मी पोऱ्याना बायोडाटा धाडस."

फाईल आली. आण्णांनी ती न उघडताच उडवली, नंबर ब्लॉक केला आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर एकदम इशारा टाकला: 'सावधान! लग्नाच्या नावाखाली माहिती चोरणारी टोळी! नातेवाइकांची नावं घेते, आमच्या राजेंद्रचंही घेतलं!' खाली लोटन आप्पांचा नंबर.

संध्याकाळपर्यंत तो इशारा तालुकाभर फिरून चांगलंच बाळसं धरून आण्णांकडेच परत आला. आता टोळीकडे जीप होती, आणि राजेंद्र हा टोळीचा सारंगखेड्यातला दलाल झाला होता! आण्णांनी तोही पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर खरंच जीप अडवली गेली. भजनी मंडळाच्या भिकननं चावी काढून घेतली आणि आत बसलेल्या म्हाताऱ्याला आण्णांच्या अंगणात आणून उभं केलं. आण्णा उलटतपासणीला सरसावले, तोच सरलाबाई पदर सावरत धावत आल्या.

"आवं माय! ह्या तं चंदनना काका शेतस!"

आण्णांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि मोबाइलसकट आपल्याला पोटात घ्यावं. दाराआड हेमांगीचे डोळे भरून आले होते. संपलं आता सगळं!

लोटन आप्पा मात्र पाणी पिऊन खाटेवर ऐसपैस बसले.

"कालपाईन मन्हा फोन कोन्ही उचली नही ऱ्हायनं. सख्खा साडूनीबी ब्लॉक करं! आमना चंदनले आते कोन पोर दी? तुम्हीज आग लायी, आते तुम्हीज विझाडा. पोर द्या!"

आण्णांना हा हिशेब चटकन पटला. साखरपुडा ठरला. आण्णांनी हौसेनं पत्रिका करून सगळ्या ग्रुपवर टाकली. ती फाईल एकाही माणसानं उघडली नाही! शेवटी सरलाबाई घरोघर फिरून आल्या, तेव्हा कुठं मांडवात माणसं दिसली.

राहिला राजेंद्र. दलाल म्हटल्यामुळे तो फुगून बसला होता. आण्णांना तो पाव्हना म्हणायचा; बहिणीला त्यानं साफ सांगितलं, "पाव्हना सोता फोन करीसन बलावतीन, तव्हयज ईसू!" आणि मेहुण्यापुढे नमतं घ्यायचं या कल्पनेनं आण्णांच्या पोटात दुखायचं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता साखरपुड्याचा दिवस उजाडला.

पाट मांडले, हेमांगी नटून बसली. चंदन तिच्याकडे चोरून बघत होता.

"पोरना मामा कोठे शे?" लोटन आप्पांनी विचारलं. "मामाशिवाय कुंकू लागनार नही!"

हेमांगीनं बापाकडे असं पाहिलं की आण्णांचं पोटदुखणं पळालं. त्यांनी मांडवातच फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला, आणि आवाजात गुळाची अख्खी भेली विरघळवली.

"राजूभाऊ, मन्हं चुकनं. तुम्ही तं मन्हा धाकला भाऊसारखा! या ना भाऊ, तुम्हनी वाट देखी ऱ्हायनूत."

पलीकडून राजेंद्र कडाडला, "कोन शे रे तू? आजकाल चोर आवाजबी काढतस, मले म्हाईत शे! मन्हा पाव्हना जलमभर मन्हासंगे इतलं गोड बोलना नही! ठेव फोन, चोर!"

आणि आण्णांचा नंबर ब्लॉक झाला!

मांडवात सगळ्यांनी तोंडाला रुमाल लावले, कारण कोणालाच हसू आवरत नव्हतं. हेमांगी पाटावरून उठली आणि तिनं मोटारसायकलची चावी बापाच्या हातात ठेवली.

"आण्णा, समोर जाईसन बोला. अन् जाताज दोन शिव्या द्या, म्हंजे मामा तुम्हले वळखी!"