फौजदार बसले!

"पाच मिनिटं! जास्त नाही, फक्त पाच मिनिटं द्या. मशीन हजर करतो!"

रविवारी सकाळी हवालदारांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांची छाती इतकी फुगली होती, की घरातल्या जुन्या बनियनला ती पेलवेना. मशीन म्हणजे सासरेबुवांचं कानाचं मशीन. ते कालपासून सापडत नव्हतं. गाद्या उलट्या करून झाल्या, कपाटाखाली झाडू फिरवून झाला, कचऱ्याची बादलीसुद्धा वर्तमानपत्रावर ओतून झाली. सासरेबुवा मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत निवांत बसून होते. त्यांना काहीही विचारलं तरी ते "हो, ऊन छान पडलंय" एवढंच म्हणत.

"आणि शोधणार कोण?" हवालदारीणबाईंनी विचारलं.

"फौजदार!"

फौजदार म्हणजे कुत्रा. हवालदार पोलिसांच्या श्वानपथकात होते. तपकिरी रंगाचं, कपाळावर आठ्या असलेलं ते पिल्लू पथकात आलं, त्या दिवशीच त्याने सगळ्यांकडे असं काही पाहिलं की कुणीतरी म्हणालं, "आले बघा फौजदार!" नाव चिकटलं ते चिकटलंच. हुद्द्याने कुत्रा वरचढ झाला, म्हणून हवालदार त्याच्याशी अहो-जाहो करत. "उठा फौजदार, चला फौजदार, औषध घ्या बघू फौजदार!" बायकोशी ते इतक्या अदबीने कधी बोलले नव्हते, आणि हे बाईंनी अनेकदा बोलून दाखवलं होतं.

कामाचे हुकूम तेवढे एकेरीत. हवालदार वस्तू नाकाशी धरून "हुंग" म्हणत, मग "शोध" म्हणत. माल सापडला की फौजदार न भुंकता त्याच्यासमोर खाली बसत. हे बसणं पिल्लूपणी "बस, बस" करून शिकवलेलं होतं. पुढे सांगायची गरज उरली नाही. फौजदार समोर बसले की भलेभले गुन्हा कबूल करून मोकळे होत. त्यांचं नाक म्हणजे आख्ख्या पथकाचं नाक!

पण आता त्यांचं वय झालं होतं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. हवालदारांनी घरी नेलं तर ठीक, नाहीतर म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी गावाबाहेर एक केंद्र होतं. हवालदार ते गुपचूप बघून आले होते. जागा स्वच्छ होती, माणसंही बरी होती. पण जाळीमागचा एक कुत्रा, पावलं वाजली की उठायचा आणि हा आपला माणूस नाही असं बघून पुन्हा आडवा व्हायचा. ते बघून आल्यापासून हवालदारांना अन्न गोड लागत नव्हतं. आठवडाभर घरात हाच विषय चालला होता, आणि बाईंचं उत्तरही ठरलेलं होतं. कुत्रा घरात येणार नाही!

म्हणून तर आजची पैज.

"फौजदारांनी मशीन शोधून दिलं, तर ते इथेच राहणार," हवालदार म्हणाले.

"आणि नाही दिलं तर?"

हवालदारांनी बनियन खाली ओढलं. "तर मी पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही."

साहेबांची परवानगी काढून फौजदारांना घरी आणण्यात आलं. ते पायपुसण्याला वळसा घालून थेट आत आले, तेव्हाच बाईंनी डोळे मिटून घेतले.

हवालदारांनी मशीनची रिकामी डबी त्यांच्या नाकाशी धरली. "हुंग. शोध!"

"अहो, डबीला बाबांचा वास, आणि बाबांचा वास तर घरभर! तो शोधणार काय?"

"हे शास्त्र आहे, यात तू पडू नकोस!"

फौजदार निघाले. त्यांनी चपलांचं कपाट हुंगलं, पडदा हुंगला, सासरेबुवांच्या खुर्चीला अंग घासून ते पुढे गेले, परत आले, पुन्हा गेले. टेबलाशी बाईंचा धाकटा भाऊ बिस्कीट खात बसला होता. नोकरीच्या निमित्ताने तो इथेच राहत असे. बाई त्याच्या कपात चहा ओतत होत्या.

"बस, बस, ताई!" मेहुणा म्हणाला.

फौजदार त्याच्यासमोर बसले.

"मेहुणे," हवालदारांचा आवाज एकदम ठाण्यातला झाला, "फौजदार बसलेत!"

"दाजी, मशीन मी कशाला घेऊ? मला व्यवस्थित ऐकू येतं!"

"फौजदार आजवर चुकलेले नाहीत!"

मेहुण्याने फौजदारांकडे पाहिलं. फौजदार त्याच्याकडे, म्हणजे खरं तर बिस्किटाकडे, एकटक बघत होते. त्या आठ्या, ते डोळे! गडी तिथेच खचला.

"सांगतो! नोकरी गेली माझी! महिना झाला! रोज डबा घेऊन निघतो आणि बागेतल्या बाकावर बसून खातो. झालं समाधान?"

"म्हणजे?" बाईंच्या हातातली किटली तिरकी झाली. "मी पहाटे उठून डबा करते, तो बागेत बसून खायला?" पण भावाचा उतरलेला चेहरा बघून त्यांचा राग वळला तो थेट नवऱ्याकडे. "मशीन शोधायला आणलाय की माझ्या भावाची अब्रू काढायला? बस झाला तुमचा तपास!"

फौजदार वळले आणि बाईंसमोर बसले.

हवालदारांची पंचाईत झाली. एका बाजूला कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचं जेवण!

"अगं," ते चाचरत म्हणाले, "तुला काही सांगायचंय का?"

"मला? मी माझ्याच बापाचं मशीन चोरीन?" बाईंनी फौजदारांवर डोळे वटारले. "असा बघू नकोस माझ्याकडे! सांगून ठेवते, बघू नकोस!" फौजदार बघतच राहिले. बाईंचा आवाज हळूहळू खाली आला. "परवा साहेबांना फोन केला मी. म्हटलं, आमच्या ह्यांनी मागितला, तरी कुत्रा त्यांना देऊ नका."

हवालदारांना राग यायला हवा होता. पण त्यांना नुसतंच वाईट वाटलं.

"का गं?"

"मला ताप होता, तेव्हा तुम्ही पथकात मुक्काम ठोकून होतात. का, तर ह्याचं पोट बिघडलं! नोकरीच तशी आहे म्हणून मी काही बोलले नाही. वाटलं, हा एकदा निवृत्त झाला की तुम्ही जरा माझ्या वाट्याला याल. तर तुम्ही त्यालाच घेऊन येताय!"

यावर हवालदार मोठ्याने बोलू लागले. बाई त्याहून मोठ्याने बोलू लागल्या. आपल्याविषयीच बोलणं चाललंय अशा समजुतीने मेहुणाही मध्ये पडला. तिघं एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं.

हा गोंगाट मशीनशिवायही कानावर पोचला आणि खिडकीजवळ सासरेबुवांनी काठी आपटली. "बस! बस करा आता!"

फौजदार उठले, डुलत डुलत खुर्चीपाशी गेले आणि सासरेबुवांसमोर बसले.

सासरेबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मोठा सुस्कारा सोडून शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं आणि आतून मशीन बाहेर काढलं. "घ्या! पकडलं मेल्याने!"

"बाबा! तुमच्याकडेच होतं?" बाई ओरडल्या. सासरेबुवांनी मशीन कानात बसवल्यावर बाईंना तेच पुन्हा ओरडावं लागलं.

"मग काय करू? आठवडाभर आपलं, कुत्रा येणार, कुत्रा नाही येणार! कान किटले माझे. काल मशीन काढून ठेवलं आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं! म्हटलं, हरवलेलंच राहू दे."

"कमाल केली, दाजी! शोधलं की हो त्यांनी!" मेहुणा स्वतःचं दुःख विसरून टाळ्या पिटू लागला.

बाईही वरमल्या. "नाक आहे खरं! एवढं नाक असेल तर घराला राखण तरी होईल. ठरलंय तसं राहू दे त्याला."

इथे हवालदारांनी गप्प राहायला हवं होतं. पैज जिंकली होती, बायको हो म्हणाली होती, आणखी काय पाहिजे? पण ते फौजदारांकडे बघत राहिले. दोनदा या खुर्चीला अंग घासून गेले हे, दोनदा! मशीन नाकापासून वीतभर लांब होतं. हल्ली जेवणाच्या भांड्याला तोंड लागेपर्यंत त्यांना जेवण आल्याचं कळत नसे, हेही हवालदारांना आठवलं. आणि आज तिन्ही वेळा ते बसले, ते काय ऐकून?

"नाक गेलंय त्यांचं," हवालदार म्हणाले.

"काय?"

"वास लागलाच नाही त्यांना. कुणी 'बस' म्हटलं की ते बसत होते. लहानपणी शिकवलेलं तेवढं राहिलंय." हवालदारांनी मशीनची रिकामी डबी मिटली. "पैज हरलो मी. राखण वगैरे नाही व्हायची त्यांच्याकडून. आता ते नुसते म्हातारे आहेत, बाकी काही नाही. उद्या केंद्रात कळवून टाकतो."

फौजदार एव्हाना उठून टेबलाखालचा बिस्किटाचा चुरा चाटत होते. बाई त्यांच्यापाशी वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "बस."

फौजदार बसले.

ते उठल्यावर बाई म्हणाल्या, "बस झालं हं."

फौजदार बसले.

"ताई, बागेत जायची माझी रोजची बस..." मेहुण्याने तोंड उघडलं, आणि फौजदार पुन्हा बसले! बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

"लग्न झाल्यापासून या घरात 'बस, बस' म्हणतेय मी," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं! साहेबांना मीच फोन करते. पण एक अट आहे. मला ताप आला की तुम्ही घरी मुक्काम ठोकायचा. आणि 'औषध घ्या बघू' म्हणायचं. मलाही!"

"म्हणेन! म्हणजे, म्हणेन हो!" हवालदारांना आनंद मावेना. "त्यांचं अंथरूण इथे खिडकीशी घालू. अंघोळीला कोमट पाणी लागतं त्यांना. आणि केस रोज विंचरावे लागतील, त्याचा वेगळा कंगवा आहे, आणि डाव्या पायाला तेल..."

"बस!" बाई म्हणाल्या.

फौजदार बसले. त्यांच्या शेजारी, जमिनीवरच, हवालदारही बसले.

मग कुणीच काही बोलेना. सासरेबुवांनी थोडा वेळ वाट पाहिली. शेवटी त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि दोनदा हलवून बघितलं.

"आत्ताच तर लावलं," ते पुटपुटले, "एवढ्यात बंद पडलं?"