पहिल्या ओळीतला सभासद

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि आजचं आख्यान झोपेत ऐकण्याजोगं नाही. कीर्तनात आधी तत्त्व, मग गोष्ट, अशी रीत आहे. पण तत्त्व सुरू झालं की श्रोते चपला कुठे ठेवल्यात ते आठवू लागतात. म्हणून आज आधी गोष्ट. तत्त्व वाटेत भेटलं तर त्यालाही बरोबर घेऊ.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली नारायण पेठेतल्या विद्यासंगम संशोधन मंडळाच्या एकाच खोलीत दोन राज्यं नांदत होती. खिडकीकडे द्वारकाबाईंचं टेबल, त्यावर लाल कापडी बांधणीची सभासद-हजेरीची वही. दाराकडे तेजसचं टेबल, त्यावर नवा संगणक. संगणकाला रोज संध्याकाळी प्लॅस्टिकचं टोपडं घालून निजवत. वहीला तसले लाड नव्हते. ती बिचारी नुसती मिटायची.

ही दोन राज्यं संचालकांनी, म्हणजे डॉ. महिपती घाटपांड्यांनी वसवली होती. "सहा महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवू," त्यांनी जाहीर केलं. "तंतोतंत जुळल्या की वही बंद."

"आणि मी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तुम्ही धायरीच्या गोदामात. जुने अहवाल सांभाळायला विश्वासू माणूस हवंच आहे."

द्वारकाबाई राहायच्या विश्रांतवाडीला. धायरी म्हणजे शहराचं दुसरं टोक, दोन बस बदलून. पण त्यांना धायरी नको होती ती बसमुळे नाही. साडेपाचला टेबल आवरायचं, शेजारच्या गल्लीतल्या देवळात सहाच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायचं, हा त्यांचा एकवीस वर्षांचा नेम होता. बुवा तान घेताना आधी बाईंकडे बघत. बाईंची मान हलली तर ठीक, नाही तर पुन्हा घेत. धायरीहून सहाला कोण पोचणार?

"बाई, सोपं हाय," शिपाई संपतने उपाय सुचवला. "वहीत एक खोटं नाव टाका. सहा म्हैने काय, सहा जन्म जुळायचं न्हाई."

"संपत, एकवीस वर्षांत या वहीत खोटं अक्षर नाही. आता धायरीच्या भीतीनं लिहू होय? जुळू दे. जायचं तर ताठ मानेनं जाईन."

आता या वहीतली एक गंमत सांगायला हवी. साडेतीन वर्षांपूर्वी घाटपांडे संचालक झाले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी द्वारकाबाईंच्या टेबलावरची पांडुरंगाची तसबीर उतरवायला लावली. "हे संशोधन मंडळ आहे," ते म्हणाले. बाईंनी निमूटपणे तसबीर पिशवीत घातली आणि त्याच दुपारी मासिक सभेच्या हजेरीत पहिली ओळ लिहिली. नाव: पांडुरंग. गाव: पंढरपूर. विषय: सर्व. पुढे हजेरीची खूण. भिंतीवरून काढाल, टेबलावरून काढाल, हजेरीतून कसे काढाल? तेव्हापासून दर सभेच्या पानावर पहिली ओळ त्याची. घाटपांड्यांनी वही कधी उघडलीच नाही. त्यांना वही बंद करण्यात रस होता.

तेजस भंडाऱ्याहून आलेला, संगणकाचा कोर्स केलेला सालस मुलगा. साडेतीन वर्षांच्या हजेऱ्या आठवड्यात चढवायच्या म्हणून त्याने गाणी ऐकत ऐकत वहीतल्या ओळी एकामागून एक टंकल्या. यंत्रात तेव्हा मराठी अक्षरं नव्हती, म्हणून सगळं इंग्रजीत. यंत्र आडनाव मागायचं, ते रिकामं सोडलं तर पुढे जाऊ देईना. तेजसने एका जागी नुसता 'पी' दाबून वेळ मारून नेली. 'डॉ.' तर यंत्र सर्वांनाच लावत होतं. अशा रीतीने वैकुंठाचा राणा 'डॉ. पी. पांडुरंग' झाला.

मग तेजसने यादी छापून बाईंपुढे ठेवली. "मॅडम, प्लीज एकदा टॅली करा ना."

बाईंनी चष्मा पुसला. यादीत सर्वांत वर पांडुरंग! यादी विषयांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लागली होती, आणि 'सर्व'चं 'ऑल' झाल्यामुळे तो आपोआप पहिला आला होता. पण बाईंना वाटलं, पोरानेही पहिला मान देवालाच दिला. त्यांचे डोळे भरून आले. "आईनं चांगलं वळण लावलंय हो तुला," त्या म्हणाल्या आणि नावापुढे लाल शाईने ठसठशीत बरोबरची खूण केली. तेजसला काही कळलं नाही. पण मोठ्या माणसाने कौतुक केलं तर कारण विचारू नये, एवढं त्यालाही वळण होतं.

पुढे हेच रुळलं. तेजस बाईंच्या वहीवरून यंत्र भरायचा, बाई यंत्राच्या यादीवरून वही तपासायच्या. दोन्ही इतक्या जुळत की घाटपांडे दर महिन्याला टाळी वाजवत.

सहावा महिना लागला आणि मंडळाने परिसंवाद ठरवला. विषय: 'विविध विद्याशाखांतील द्वि-व्यवस्था'. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सांगणार होते की एकाच देशात मोबाइलवाली आणि बैलगाडीवाली अशा दोन अर्थव्यवस्था कशा असतात. मानसशास्त्राच्या बाई एका डोक्यातल्या दोन मनांवर बोलणार होत्या, एक उडी मारणारं, एक मागून हिशेब तपासणारं. तत्त्वज्ञानाच्या शास्त्रीबुवांकडे द्वैत होतं. आणि दीक्षा गजभिये या रेल्वेच्या सिग्नलांवर संशोधन केलेल्या इंजिनियर, एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्याने कसं सावरावं, ते मांडणार होत्या. अडचण एकच. अध्यक्ष कोण? शास्त्रीबुवा म्हणाले, "अर्थशास्त्राच्या अध्यक्षतेखाली मी बसणार नाही." अर्थशास्त्र म्हणालं, "मग मी उभाही राहणार नाही."

"संगणकालाच विचारू," घाटपांडे म्हणाले. तेजसने कळ दाबली, आणि घाटपांडे खुर्चीतून उठलेच. "विषय सर्व! अठ्ठेचाळीस सभांपैकी अठ्ठेचाळीसला हजर! प्रवासभत्ता एकदाही घेतलेला नाही! असा विद्वान आपल्याकडे आहे आणि मला दिसला कसा नाही?"

"मागच्या रांगेत बसत असतील, सर," तेजस म्हणाला.

"वहीत आहेत ना?"

"आहेत, सर. मॅडमची लाल टिक आहे."

"दोन्हीकडे आहे म्हणजे आहेच!"

पंढरपूरला पत्र गेलं, स्मरणपत्र गेलं. उत्तर नाही. "मोठी माणसं उत्तर देत नाहीत, थेट येतात," घाटपांडे म्हणाले आणि त्यांनी निमंत्रणपत्रिका छापायला टाकली. ती छापून आली, तेव्हा द्वारकाबाईंना पहिल्यांदा कळलं. त्या पत्रिका हातात घेऊन तडक आत गेल्या.

"साहेब, हे अध्यक्ष येणार नाहीत."

"का? ओळखता त्यांना?"

"लहानपणापासून. पण ते असे सभेला..."

"अठ्ठेचाळीस सभांना आले! तुम्हीच लिहिलंय." घाटपांड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आलं लक्षात. मुदत संपत आली, आता ऐन वेळी घोळ घालायचाय. हे पाहा द्वारकाबाई, एकच सांगा. हे नाव खोटं आहे का? खोटं असेल तर सहा महिने तुम्ही खोट्यापुढे खुणा केल्यात. वही आज बंद, उद्यापासून धायरी. बोला, खरं की खोटं?"

खुलासा दोन वाक्यांचा होता. पण त्यातलं पहिलंच वाक्य 'खोटं' हे होतं. त्या पांडुरंगाला, कागदावर का होईना, खोटं म्हणायचं? त्यांनी पदर खोचला.

"खरं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळी यादी खोटी निघेल साहेब, पण हे नाव खरं आहे."

"मग काम करा!"

परिसंवादाच्या दिवशी सभागृह भरलं. मधली उंच खुर्ची रिकामी. संपतला सकाळीच पाटी देऊन स्वारगेटच्या एसटी स्टँडवर पाठवलं होतं. तो अकराला एकटाच परतला.

"अध्यक्ष कुठायत?" घाटपांडे त्याच्यावर धावले.

"न्हाई आलं, साहेब. मी पांडुरंगाची पाटी धरून दोन तास हुभा हुतो. तिघांनी हात जोडलं. एका म्हातारीनं तर पुढ्यात केळं ठिवलं." त्याने खिशातून केळं काढलं. "ह्ये कुठं जमा करू?"

पुढच्या रांगेत हसू फुटलं. घाटपांडे काही बोलणार, तोच पोस्टमन दारात आला. पाकिटावर पंढरपूरचा शिक्का. "आलं उत्तर!" म्हणत घाटपांड्यांनी सर्वांसमोर पाकीट फाडलं. आतून बुक्का उडाला, तो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मग तुळशीचं वाळलेलं पान पडलं. मग चिठ्ठी. ती त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली आणि हळू आवाजात संपवली: "आपले निमंत्रण देवाच्या पायांशी ठेवले. देव सर्वत्र आहे, तेव्हा येण्याजाण्याची काळजी नसावी."

मग शास्त्रीबुवांनी जे हसायला सुरुवात केली, ते त्यांना पाणी द्यावं लागलं.

"तेजस!" घाटपांडे बुक्क्याने काळा झालेला सदरा झटकत ओरडले. "हे नाव कुठून घेतलंस?"

"सर, वहीतून."

"द्वारकाबाई! तुम्ही वही कशाशी तपासलीत?"

"यंत्राच्या यादीशी."

"म्हणजे सहा महिने तुम्ही दोघं..."

"एकमेकांनाच विचारत होतो," बाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या आणि मान ताठ होती. "चूक झाली, साहेब. तपासणीत झाली. ओळीत नाही. ती ओळ मी जाणून लिहिली, उद्याही लिहीन. धायरीला पाठवायचं तर पाठवा, तिथल्या वहीलाही पहिली ओळ असेलच."

दीक्षाताई व्यासपीठावर आपले कागद आवरत होत्या. "आता मी काय वाचू?" त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "माझा निबंध तर यांनी आधीच करून दाखवला. सर, दोन यंत्रं एकमेकांवर टेकून उभी असली, तर ती दोन नसतात. एक पडलं की दुसरंही पडतं. तुमच्याकडे सहा महिने एकच पद्धत होती. फक्त टेबलं दोन होती."

"मग आता?"

"पहिल्यापासून. एकमेकांचं तोंड न बघता. आणि जुळेपर्यंत दोन्ही चालू. शास्त्र म्हणाल तर हेच आहे."

एवढ्या विद्वानांसमोर घाटपांडे शास्त्राला नाही कसे म्हणणार? त्यांनी मान हलवली आणि अब्रू राखायला म्हणून शेवटचा हुकूम सोडला: "पण ते नाव यंत्रातून आजच्या आज काढा!"

तेजसने काढलं. वहीतून मात्र कोणी काढलं नाही. तो हुकूम यंत्रापुरताच होता, आणि द्वारकाबाई हुकूम अक्षरशः पाळणाऱ्या.

परिसंवाद रिकाम्या खुर्चीपुढेच झाला. इतके शांत अध्यक्ष मंडळाने कधी पाहिले नव्हते. ना मध्ये घंटा, ना शेवटी पाऊण तासाचं भाषण. संपतने केळं खुर्चीवर ठेवलं, आणि समारोपानंतर प्रसाद म्हणून त्याचे पाच तुकडे केले.

त्यानंतर दर महिन्याला दोन्ही पद्धती जुळवून पाहिल्या जात, आणि दर महिन्याला नेमका एकाचा फरक येई. ना कमी, ना जास्त. घाटपांडे कपाळाला हात लावत, सही करत, आणि वही आणखी एक महिना चालू राही. साडेपाचला ती मिटे आणि सहाला बुवा पहिली तान घेऊन पहिल्या रांगेकडे बघत.

तर मंडळी, उद्या वही उघडाल, नाही तर यंत्र उघडाल. पहिल्या ओळीपाशी बोट क्षणभर थांबवा, आणि आमच्या द्वारकाबाईंची तेवढी आठवण ठेवा.