पुढच्या डाव्या चाकाची तक्रार

"सेन्सर म्हणजे काय हो? घड्याळाचाच धाकटा भाऊ!" घड्याळकाकांनी बाह्या सरसावल्या. "चाळीस वर्षं मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू फिरवतोय मी. एवढं मोठं चाक मला काय शिकवणार?"

काकांनी हात लावला आणि घड्याळ चाललं नाही, असं कधी झालं नव्हतं. लोकांचं घड्याळ, अर्थात! घरचं भिंतीवरचं घड्याळ, त्याचा पितळी डोक्याचा खिळा हरवल्यापासून महिनाभर हॉलमधल्या खुर्चीत बसून वेळ सांगत होतं. पाहुणे आले की त्याला उठवावं लागे.

त्या दिवशी मात्र वेळेशी खेळून चालणार नव्हतं. पाच दिवसांपूर्वी लेकीला मुलगी झाली होती आणि चार वाजता हॉस्पिटल दोघींना घरी सोडणार होतं. दुपारी एकला काकांनी सहज गाडी सुरू करून पाहिली, तर समोरच्या पडद्यावर लाल ठिपका! प्रत्येक चाकात हवा मोजणारा सेन्सर होता आणि पडद्यावर गाडीचं छोटं चित्र. ज्या चाकात हवा कमी, त्या चाकापाशी ठिपका आणि आकडा उमटायचा. ठिपका होता पुढच्या डाव्या चाकाशी. आकडा चोवीस. हवा पाहिजे तेहतीस.

काकांनी पायाने मारायचा पंप काढला. काकू आत बसून आकडा वाचू लागल्या.

"किती झाली?"

"चोवीस."

काकांनी मोजून पन्नास वेळा पाय आपटला. "आता?"

"तेवीस!"

"अगं, चष्मा लाव!"

"लावलाय! मी नुसती वाचतेय, हवा काढून घेत नाहीये!"

एवढ्यात काकांच्या सासूबाई बाळाची दुपटी घेऊन बाहेर आल्या. त्यांचा उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. फ्रॉकची किनार सरळ आहे की नाही, हे त्या एक डोळा मिटून सांगत. गाडीच्या मागे उभं राहून त्यांनी सवयीने डोळा मिटला.

"जावईबापू, मागून डावी बाजू बोटभर उतरलीय हो."

"आई, गाडी आहे ती. फ्रॉक नव्हे!"

सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालू लागल्या. काका पंप मारत राहिले. पाय भरून आला, शर्ट पिळून काढण्यासारखा झाला आणि आकडा बावीसवर आला. धपधप ऐकून समोरचे ड्रायव्हरसाहेब हवा मोजायचं मीटर घेऊन आले. बस चालवून निवृत्त झाले होते, पण बोलणं अजून हॉर्नसारखं.

"काका, सत्तेचाळीस! चाक आहे का तोफ? थांबा, फुटेल!"

"पण पडदा बावीस म्हणतोय!"

"मग सेन्सर खोटं बोलतोय."

काकांचा चेहरा उजळला. सेन्सरच्या पोटात बॅटरी असते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आणि बॅटरी बदलणं हे तर त्यांचं रोजचं काम!

"टायर काढायला मशीन लागतं हो," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"आधी हवा तर सोडू! मशीनचं मागाहून बघू!"

फुस्स! गाडी पुढच्या डाव्या गुडघ्यावर बसली.

"अहो!" काकू आतून किंचाळल्या. "आता मागच्या डाव्या चाकाशी पण ठिपका आला! पंधरा... नऊ... शून्य!"

"आणि पुढचं?"

"एकवीस. ढिम्म हलत नाही!"

"बॅटऱ्यांत साथ पसरलीय!" काकांनी निदान केलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, निघालात ना?" लेक विचारत होती. "कपडे घालून तयार बसलोय आम्ही दोघी."

"हे काय, गाडीतच आहोत!" काका म्हणाले आणि त्यांनी सपाट चाकाकडे बघितलं. नातीच्या पहिल्याच प्रवासाला आजोबांची गाडी लंगडी!

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गेल्या रविवारी तुम्ही चाकांची अदलाबदल केलीत ना? झीज सारखी व्हावी म्हणून पुढची मागे, मागची पुढे?"

"हो. स्वतःच्या हाताने!" काकांची छाती अजूनही थोडी फुगली.

"कापडावरची खडूची खूण कापडाबरोबरच जाते हो. तुकडे बदलले आणि शिंप्याला सांगितलं नाही, तर तो बाही गळ्याला लावतो. चाकं बदललीत, ते गाडीला सांगितलंत का?"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. पुढच्या चाकातला सेन्सर चाकाबरोबर मागे गेला होता. बिचारी गाडी मात्र त्याला अजून पुढचाच समजत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ड्रायव्हरसाहेब मागच्या डाव्या चाकापाशी वाकले आणि एकदम गंभीर झाले. "खिळा आहे, काका. अख्खा. भर वेगात बसलं असतं चाक."

हॉस्पिटलची वाट मोठ्या रस्त्याने जात होती. मागच्या सीटवर पाच दिवसांचं बाळ असणार होतं. काकांनी सासूबाईंपुढे हात जोडले. "आई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"हात नका जोडू. पाय चालवा. पुढचं चाक भरायचंय अजून!"

ड्रायव्हरसाहेबांनी जॅक लावून मागे स्टेपनी चढवली. काकांनी पुन्हा पंप मारला, आणि या खेपेला प्रत्येक धप्प त्यांना गोड वाटला. हॉस्पिटलात पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला.

"घड्याळवाल्याची लेक मी, आणि मलाच ताटकळायला लावलंत!" लेक म्हणाली. नात काकांचं बोट धरून झोपली होती आणि त्यांचे डोळे भरून आले होते. स्टेपनीत सेन्सर नसल्यामुळे घरी येईपर्यंत लाल ठिपका पेटलेलाच होता. काकांना तो देवघरातल्या निरांजनासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पंक्चर काढलं, कुठलं चाक कुठे आहे ते गाडीला पाच मिनिटांत शिकवलं आणि टायरमधून निघालेला खिळा काकांच्या हातावर ठेवला. जरासा वाकलेला. डोकं पितळी!

काकांनी तो गुपचूप खिशात घातला. घरी येऊन गुपचूप भिंतीत ठोकला. महिनाभर खुर्चीत बसलेलं घड्याळ एकदाचं जागेवर गेलं.

नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी वर पाहिलं आणि एक डोळा मिटला.

"जावईबापू, डावीकडे बोटभर उतरलंय हो."