तेल गोठलं

एका खोलीत थोडी थंडी पाडायची, एवढंच मी ठरवलं होतं. यात पुढे दोन बादल्या, शेजारच्या मॅडम लिम आणि माझी उरलीसुरली अब्रू ओढली जाईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. (स्मिताला वाटलं होतं. पण माझ्या बायकोला माझ्या प्रत्येक बेताबद्दल तसंच वाटतं, त्यामुळे तो अंदाज धरायचा नाही.)

गोष्ट दोन हजार तीनच्या डिसेंबरातली. आम्ही परदेशात, बारा महिने उन्हाळा असणाऱ्या शहरात, आंग मो किओ नावाच्या भागात नवव्या मजल्यावर राहत होतो आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, ऑगस्टपासून आमच्याकडे होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात सहकारनगरच्या घरात ते एकटेच असत, म्हणून मी म्हटलं होतं, आता इकडेच राहायला या. ते "बघू" म्हणाले होते. अप्पांचं "बघू" म्हणजे "नाही"च, फक्त अंगात सदरा घातलेलं.

इथे त्यांना कसली ददात नव्हती, आणि तीच खरी पंचाईत होती. नळ गळत नव्हता, दार कुरकुरत नव्हतं, फ्यूज उडत नव्हता. चाळीस वर्षं कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये घालवलेला माणूस दिवसभर खिडकीत बसून समोरच्या ब्लॉकचे मजले मोजायचा. ते दर वेळी बाराच भरायचे.

पुण्यात दिवाळीचा फराळ संपला की आमच्याकडे थंडीची तयारी सुरू व्हायची. अप्पा कणकेची खळ शिजवून खिडक्यांच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवायचे. बंब चिंचेने घासून लख्ख करायचे. आई रजया गच्चीत उन्हाला टाकायची, डिंकाचे लाडू वळायची. मला एकच काम असे, खोबरेल तेलाच्या बाटलीवर नजर ठेवायची. ज्या सकाळी बाटली उलटी करूनही थेंब पडत नसे, त्या सकाळी मी "तेल गोठलं" म्हणून घरभर ओरडत सुटायचो. मग अप्पा स्वतः बाटली तपासून हिवाळा जाहीर करायचे. (त्याआधी कुडकुडायची परवानगी नव्हती.) आई ती बाटली उन्हात ठेवायची आणि तेल वितळलं की कोमट असतानाच माझ्या डोक्यावर थापायची. हे लिहितानासुद्धा टाळूला ते तेल लागतं आणि मला आईची फार आठवण येते.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निशिकांतकाकांचा फोन आला. हे अप्पांचे शेजारी, घराची किल्ली त्यांच्याकडे असते. अप्पा फोनवर नुसतेच विचारत होते. "आज सकाळी?... पूर्ण?... अगदी बुडापर्यंत?"

फोन ठेवून ते म्हणाले, "निशिकांतकडे तेल गोठलं. पुढच्या शनिवारचं तिकीट बघ माझं."

"अहो अप्पा, पण कशाला?"

"थंडी पडली. घराचं कोण बघणार?"

"घर तर बंद आहे."

"बंद घराकडेच जास्त बघावं लागतं," अप्पा म्हणाले आणि बॅग काढायला गेले.

मला फार वाईट वाटलं. या घराला आपली काही गरज नाही असं त्यांना वाटत होतं, आणि आम्हाला तुमची गरज आहे हे काही माझ्याच्याने सांगवत नव्हतं. (आमच्या घराण्यात असल्या गोष्टी तोंडाने बोलत नाहीत.) मग रात्रीच्या जेवणाला मी तो बेत काढला.

"अप्पा, जायच्या आधी एक काम करून द्याल? तुमच्या खोलीत एसीची थंडी टिकतच नाही. फटी आहेत बहुतेक."

"फटी?" अप्पांनी भाताचा घास हातातच ठेवला. चार महिन्यांत त्यांनी एवढ्या मायेने दुसरा कुठलाच शब्द उच्चारला नव्हता.

माझा हिशेब सोपा होता. खोली गार करायची, तेल गोठवायचं, हिवाळा जाहीर झाला की अप्पा म्हणतील, इथेही थंडी पडते, इथेच राहतो. स्मिता म्हणाली, "तू आणि घरकाम? एसीवाल्याला बोलाव." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

शनिवारी सकाळी अप्पांनी पातेलंभर खळ शिजवली. मी इंग्रजी पेपरच्या पट्ट्या कापायचो, ते चिकटवायचे. पट्टी वाकडी कापली की "तुझ्या आईला डोळे मिटून सरळ कापता यायची" हेही ऐकायचो. आमची दहा वर्षांची क्षिप्रा सुट्टीत घरीच होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, विंडो ब्लॉक करून फॉर व्हॉट? ऑलरेडी सो हॉट लाह." ("लाह" हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.)

"थंडी आत कोंडायची आहे," अप्पा म्हणाले. "पुण्यात बाहेर ठेवतो, इथे आत ठेवायची. तत्त्व एकच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक भोक सोडू नकोस हं. थंडीला सुईएवढी वाट पुरते."

मी खरोखरच एक भोक सोडलं नाही. पलीकडच्या बाथरूमच्या कोपऱ्यातसुद्धा मला एक पांढरी नळी सापडली. ती अप्पांच्या एसीपासून भिंतीतून आली होती आणि तोंड उघडं टाकून बसली होती. आत बोट घातलं तर गारगार लागलं. म्हटलं, धरला चोर! आपली थंडी इथून पळते तर. क्रीडापान चुरगाळून मी त्या नळीत घट्ट ठासलं, वरून खळही फासली. (काम चोख असावं.) हे अप्पांना मुद्दामच सांगितलं नाही. मागाहून शाबासकी घ्यायची होती.

रात्रभर खळ वाळली. रविवारी सकाळी सात वाजता मी एसी सोळावर लावला, बुटक्या कपाटावर तेलाची बाटली ठेवली आणि दर पंधरा मिनिटांनी आत डोकावू लागलो. अप्पा स्वेटर, मफलर, माकडटोपी असा सगळा सरंजाम चढवून पलंगावर बसले होते. नऊ वाजता तेल ढगाळलं. साडेदहाला मी बाटली उलटी केली आणि चाळिसाव्या वर्षी, सोसायटीची पर्वा न करता ओरडलो, "तेल गोठलं!"

अप्पांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, बुडाशी टिचकी मारली. मग ती खिडकीच्या उजेडात धरली.

"तुझी आई असती तर एव्हाना उन्हात ठेवली असती," ते म्हणाले. आणि बाटली घेऊन, माकडटोपीसकट, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेले. तिथे कठड्यावर चांगलं ऊन होतं.

तिथेच मॅडम लिमही होत्या, कुंड्यांना पाणी घालत. आता ते वर्ष कुठलं होतं ते आठवा. सार्सची साथ येऊन गेली होती, सगळ्या शहराने महिनोन्महिने रोज ताप मोजला होता, आणि आमच्या शेजारचा म्हातारा तीस डिग्रीत लोकरीत गुंडाळून उभा होता. मॅडम लिम झारीसकट तीन पावलं मागे सरकल्या.

"अंकल, यू गॉट फीवर?"

"नो फीवर," अप्पा आनंदाने म्हणाले. "विंटर."

"विंटर? व्हेअर?"

"इनसाइड. माय रूम. माय सन मेड इट. यू कम अँड सी."

मॅडम लिम आणखी दोन पावलं मागे गेल्या. "यू सीइंग विंटर, अंकल? सिन्स व्हेन?"

तेवढ्यात क्षिप्रा शाळेतून मिळालेलं थर्मामीटर घेऊन धावत आली आणि तिने ते आजोबांच्या तोंडात खुपसलं. "आजोबा नॉट सिक लाह, आंटी. ही इज ओन्ली डूइंग विंटर. सी, थर्टी सिक्स पॉइंट फोर."

मॅडम लिमनी आकडा लांबूनच वाचला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की थर्मामीटर खरं तर मला लावायला हवं होतं. पण बाई मनाने चांगली. घरात जाऊन तिने अप्पांना कपभर आल्याचं गरम पाणी आणून दिलं. अप्पांनी ते कठड्याशी उभं राहून फुरके मारत संपवलं.

"मजा आली रे," कप खाली ठेवून ते मला म्हणाले. "आता निर्धास्त जातो. तुझ्या घरची थंडी मार्गी लागली."

म्हणजे हिवाळा पाडून मी अप्पांच्या जाण्याचीच तयारी करून दिली होती! तेवढ्यात आतून स्मिताचा आवाज आला, अगदी शांत. ती इतकी शांत बोलली की मला घाम फुटतो.

"श्रीनिवास, बादली घेऊन ये. दोन आण."

आत एसीच्या पोटातून पाण्याची धार लागली होती. पलंग भिजला होता, रजई भिजली होती, आणि अप्पांनी मायेने चिकटवलेल्या पट्ट्या एकेक करून खाली सुटत होत्या. मी एसीखाली तवा धरला. (हाताला तोच लागला.) अप्पांनी माकडटोपी काढली, स्वेटरच्या बाह्या सारल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर्कशॉपमधला झाला.

"स्मिता, मेन बंद कर. क्षिप्रा, फडकी. पाणी जायची नळी कुठे निघते रे?"

मी बाथरूमकडे बोट दाखवलं. अप्पांनी हँगरची तार सरळ करून नळीत घातली आणि क्रीडापान ओढून काढलं. पाणी भसकन त्यांच्या पायावर आलं.

"हे कोणी केलं?"

"पप्पा," क्षिप्रा म्हणाली. एरवी ती मराठीत उत्तर देत नाही.

"तुम्हीच म्हणालात ना, एक भोक सोडू नकोस," मी म्हणालो.

अप्पांनी एसीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे बघितलं.

दुपारी मी रजई पिळत असताना अप्पांनी पुण्याला फोन लावला. मी दाराआड उभा राहिलो.

"निशिकांत, मी यंदा येत नाही रे. नाही, नाही, तब्येत ठणठणीत आहे. इथेच राहावं म्हणतो, कायमचं."

बोलायची पद्धत नसली तरी माणसाला माणसाची माया कळतेच, असं मनात आलं. डोळे पुसायला मी ओली रजईच तोंडाला लावली.

"अरे, त्या घराला काय धाड भरली आहे?" अप्पा पुढे सांगत होते. "ते बंद आहे, त्यात कोणी राहत नाही. इथल्या घरात श्रीनिवास राहतो."