पाठ फिरवली की गाणं बंद

शालिकभाऊंच्या गाण्याकडे पाठ करून उभं राहायची सोय नव्हती. लग्नाच्या मांडवात चार माणसं पीकपाण्याच्या गप्पा मारत तिकडे पाठ करून उभी राहिली, की हा माणूस रेकॉर्डवरची सुई अलगद उचलायचा. गाणं अर्ध्या ओळीत तुटायचं. काय झालं म्हणून माणसं वळून बघायची, आणि सगळी तोंडं आपल्याकडे झाली की सुई पुन्हा खाली.

कुणी चिडलंच तर त्यांचा सवाल ठरलेला. "कानाले देता, तं डोयाले काऊन नाई देत बे?"

महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली होती. चिखलीत 'शालिग्राम लाउडस्पीकर सर्व्हिस' नावाची पाटी एका पत्र्याच्या खोलीवर होती. खोलीत दोन कर्णे, एक माइक, गाडीची एक बॅटरी आणि चावीनं फिरणारं ते रेकॉर्डचं यंत्र. यंत्र म्हणजे काय होतं, ते सांगतो. फिरत्या थाळीखाली शालिकभाऊंनी टिनाची एक रुंद चकती बसवली होती. चकतीला भोकं, भोकाभोकात रंगीत काचा. खाली पेटीत टॉर्चचे सहा बल्ब. पेटीच्या झाकणाला आतून आरसे. थाळी फिरू लागली की काचांतून उजेड वर यायचा, आरशावर आपटायचा आणि लाल-हिरवे-पिवळे ठिपके मांडवाच्या कापडावरून, माणसांच्या फेट्यांवरून, भटजींच्या टकलावरून पळत सुटायचे. लहान पोरं ते पकडायला धावायची. एकदा तर वरमाईच धावल्या होत्या.

आता मी विचारतो. मांडवात आचाऱ्याला जागा असते, वाजंत्र्यांना असते, नवरदेवाच्या घोड्यालासुद्धा असते. लाउडस्पीकरवाल्याची जागा कुठे? मांडवामागे, पाण्याच्या रांजणांजवळ, जिथे उष्ट्या पत्रावळी फेकतात तिथे. गाणं पुढे, माणूस मागे! शालिकभाऊंना हे मान्य नव्हतं. त्यांची अट एकच: टेबल बोहल्याच्या उजव्या हाताला, सगळ्यांना दिसेल असं. मंगलाष्टकं सुरू झाली की ते स्वतःहून गाणं थांबवत, हात जोडून उभे राहत. पण टेबल हलणार नाही.

ते हललं नाही म्हणूनच दुसरबीडकडे एका लग्नात तमाशा झाला. मी तिथे जेवायला नव्हतो, आमच्या चळवळीची पत्रकं वाटायला गेलो होतो, हे आधी स्पष्ट करतो. (जेवलो नंतर.) गोरज मुहूर्त होता. नवरदेव मांडवात आला आणि एकही माणूस उठून उभा राहिला नाही. सगळे शालिकभाऊंच्या थाळीकडे बघत होते. नवरीचे वडील बापूसाहेब म्हणजे मोठे जमीनदार, आवाजही जमिनीच्या मापाचा.

"शालिक, तो डबा उचल अन् मांगं रांजनापाशी नेऊन ठेव."

"रांजनाले दिसते का, बापूसाहेब?"

"लग्न माह्या पोरीचं हाय का तुह्या डब्याचं?"

"पोरीचंच हाय जी. म्हनून तं सजवून आनला. तुमी बी पोरीले सजवून बोहल्यावरच आनली ना? का रांजनामांगं उभी केली?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं शालिकभाऊंना महाग पडलं. बापूसाहेब म्हणाले, "उचलतं का फेकू?" शालिकभाऊंनी सुई उचलली, बल्ब विझवले, यंत्र सोबतच्या जुन्या धोतरात गुंडाळलं आणि छातीशी धरून मांडवाच्या पुढच्या दारानं, पाहुण्यांच्या मधून बाहेर पडले. मागच्या दारानं नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो.

मग बापूसाहेबांचा शब्द गावोगाव फिरला. त्या हंगामात शालिकभाऊंना एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. मी पेटून उठलो. 'कलावंताचा अपमान, जनतेचा अपमान!' असं पत्रक छापलं आणि मोठ्या अभिमानानं त्यांना नेऊन दिलं. त्यांनी बोटांत धरून कागद चाचपला.

"झ्याक हाय. रेकॉर्डी गुंडायाले असाच जाड कागद पायजे होता."

तरी मी त्यांनाच आमच्या सभेचं काम दिलं. लोणार रस्त्यावरच्या आमच्या गावात दवाखान्याची इमारत होती, पाटी होती, आत शेळ्या होत्या; डॉक्टर नव्हता. बाळंतीण अडली की बैलगाडीत घालून न्यायची. त्यासाठी सभा. माझं भाषण पाठ होतं. सगळं ठरल्यावर मी सहज म्हटलं, "फक्त एक करा शालिकभाऊ. त्या दिवशी बल्ब नको. एकच बॅटरी, ती भाषणाला पुरली पाहिजे. आणि सभा गंभीर आहे. यंत्र जरा मागं ठेवू."

त्यांनी हातातली रेकॉर्ड खाली ठेवली.

"मांगं कुठी? रांजनापाशी?"

"अहो, तसं नाही..."

"तुमच्याहून बापूसाहेब बरा, पुढारी. त्यानं माह्यासाठी पत्रक तं नाई छापलं."

मी तिथून निघालो तो तणतणत. आयुष्यात पहिल्यांदा मला बापूसाहेबांच्या रांगेत बसवलं होतं, आणि तेही रोषणाईच्या एका डब्यासाठी! बायका गाडीत मरतात आणि यांना बल्ब सुचतात! रात्रभर मनात जोरदार उत्तरं तयार केली आणि सकाळी ती सुनवायला त्यांच्या घरी गेलो.

शालिकभाऊ बॅटरी भरून आणायला गेले होते. ओसरीवर त्यांची थोरली बहीण बसली होती. सरूआक्का. पांढरं लुगडं, मोकळे हात, मोकळं कपाळ. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेरी परत आलेली, तेव्हापासून इथेच. तिच्या मांडीवर ती टिनाची चकती होती आणि पुढ्यात सुपात बांगड्यांचे तुकडे. ढीगभर. चिमट्यानं ती एकेक तुकडा भोकात बसवत होती आणि वितळलेल्या लाखेनं चिकटवत होती.

"हे तुम्ही करता?" मी विचारलं.

"मंग काय तो करते? त्याले लाल-हिरवं कयत नाई." ती मान वर न करता बोलत होती. "लालाच्या बाजूले हिरवा बसवला का नाई बाप्पा, तं फिरताना मातकट दिसते. मंधात पिवया लागते. म्या तीन वर्सं फिरवून फिरवून पाह्यलं तवा समजलं."

"काचा कुठून आणता?"

"कासारीन देते. भरताना फुटल्या का ठेवते माह्यासाठी." तिनं एक हिरवा तुकडा उन्हात धरून पाहिला. "आपल्याले भरता येत नाई, तं बसवता तं येते."

मी म्हटलं, "मांडवात काय सुंदर दिसतं, आक्का!"

"तुमी पाह्यलं?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "कोनत्या लग्नात? बोहल्यावर ठिपके जाते का? नवरीच्या तोंडावर जाते?"

मांडवात ते ठिपके पळताना तिनं कधी पाहिलेच नव्हते. मला कळायला उशीर लागला, हे कबूल करतो. पत्रकं लिहिणाऱ्याला असल्या गोष्टी उशिरा कळतात.

"मांडवात मले कोन येऊ देते?" ती सहज म्हणाली. जसं कुणी सांगावं की आज बाजार नाही. "तो येऊन सांगते मले. कोनं पाह्यलं, कोन हासलं, कोनाच्या फेट्यावर लाल पडला. समदं सांगा लागते त्याले. नाई सांगतलं तं मी जेवाले वाढत नाई."

रात्रभर तयार केलेली उत्तरं मी तशीच घेऊन उठलो. दारात शालिकभाऊ बॅटरी खांद्यावर घेऊन उभे. मी म्हटलं, "टेबल व्यासपीठासमोर मांडू. सगळ्यात पुढे. बल्ब सगळे लावा."

"अन् तुमचं भाषन?"

"जेवढं होईल तेवढं. आणि आक्काला घेऊन या. हे काही लग्न नव्हे. इथं कुणी कुणाला अडवू शकत नाही."

शालिकभाऊ बॅटरी खाली ठेवून तोंडावरचा घाम पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

सभेला आक्का आली. दिवेलागणीची वेळ, दवाखान्यापुढे निंबाखाली सभा. ती मागे बायकांत बसायला निघाली, तर शालिकभाऊंनी तिला हाताला धरून टेबलाच्या कडेला, माइकपाशी बसवलं. यंत्राला चावी दिली. बल्ब लागले. ठिपके निंबावर गेले, माणसांवर गेले, दवाखान्याच्या भिंतीवरून पळाले. शेळ्या बाहेर निघून आल्या.

माइक एकच, म्हणून मीही टेबलापाशी येऊन त्यावरच वाकून भाषण सुरू केलं. शासनाला जाब विचारला. मूठ आवळली. समोर एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सुई उचलून लोकांना वळवायची सोय माझ्याकडे नव्हती. माझ्या ठेवणीतल्या वाक्यालाच एक म्हातारी उठून टेबलापाशी आली, चकतीवर वाकली आणि आक्काला विचारती झाली, "कोनं केलं वं हे, बाई?"

आक्कानं भावाकडे पाहिलं. शालिकभाऊ वायरीची गाठ सोडवत होते. त्या वायरीला गाठ नव्हती.

"म्या," आक्का म्हणाली.

माइक तिच्याही तोंडापाशी होता. निंबावरच्या दोन्ही कर्ण्यांतून तो शब्द सगळ्या गावावर गेला. आपलाच आवाज ऐकून ती दचकली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. मग तिनं हळूच पदर खाली केला, माइककडे नीट तोंड करून बसली आणि या वेळी मोठ्यानं म्हणाली, "म्या केलं."