एकदा जेवायला या

वेन्ला आमच्या घरी आली त्याच संध्याकाळी मी तिला थामोरा शहराचा सगळा शिष्टाचार शिकवून मोकळा झालो. "हे बघ पोरी, तुमच्या फिनलंडात माणसं चांगली असतील, पण दारं लावून घेतात. आमच्याकडे मनात असतं तेच ओठावर येतं. इथं कुणी या म्हणालं, की दार उघडं आहे असं समजायचं."

सोळा वर्षांची ती पोरगी इथल्या शाळेत वर्षभर शिकायला आलेली. तिनं मान डोलावली. फिन माणूस मान डोलावतो तेव्हा त्यानं खरोखर ऐकलेलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे तो मानेचा व्यायाम आहे.

"एलाडिओ, झोपू दे तिला," माझी बायको आसुन म्हणाली. "व्याख्यानं जरा पुरवून वापर. वर्ष काढायचंय."

त्याच आठवड्यात मी आणि वेन्ला लिफ्टमध्ये शिरलो. आत वरच्या मजल्यावरचे सेव्हेरिनो होते. पंचाहत्तरीचे, एकटे, पाव आणायलाही टाय लावून जाणारे. आमची लिफ्ट गोगलगाईच्या कुळातली आहे आणि आमचं बोलणं वर्षानुवर्षं तिच्याच मापानं बेतलेलं. निघताना हवा, मध्यावर गुडघे, आणि तळाला पोचता पोचता मी म्हणणार, "एकदा जेवायला या की." ते म्हणणार, "येणार तर. नक्की." मग मी डावीकडे, ते उजवीकडे. दहा-बारा वर्षांत या आमंत्रणावर कुणी जेवलं नव्हतं आणि कुणी उपाशीही राहिलं नव्हतं, असा माझा समज होता.

त्या दिवशीही मी म्हणालो, त्यांनी "नक्की" म्हटलं, आणि वेन्लानं विचारलं, "कधी?"

लिफ्टचं दार उघडलं. कुणीच बाहेर पडलं नाही.

"काय कधी?" मी.

"जेवायला. रविवारी आपण घरीच आहोत."

सेव्हेरिनोंनी टायची गाठ चाचपली. "रविवारी… तसा मी मोकळाच असतो."

तेवढ्यात दार पुन्हा मिटलं. वर कुणीतरी बटण दाबलं होतं. आम्ही तिघं परत वरपर्यंत गेलो. हवा आणि गुडघे आधीच संपले होते.

"तू बोलावलंस त्यांना?" आसुननं विचारलं.

"बोलावलं, पण नेहमीसारखं."

"मग ते कसे येतायत?"

"पोरीला नेहमीसारखं म्हणजे काय ते ठाऊक नाही ना."

"मग सांग तिला."

गोची तीच होती. थामोराबद्दल एवढा विश्वास मी थामोरात जन्मलेल्या माणसाच्याही डोळ्यांत पाहिला नव्हता. तिला सांगायचं काय? की मी म्हणालो ते सगळं लिफ्टपुरतं होतं? त्यापेक्षा सेव्हेरिनोंशी खोटं बोलणं सभ्यपणाचं वाटलं. शनिवारी मी गुपचूप वर गेलो आणि आसुनचं पोट बिघडल्याचं कळवलं.

"अरेरे," ते म्हणाले. "मग तिला कशाला चुलीपुढे उभं करायचं? भात मी आणतो."

"अहो, ती अंथरुणात आहे."

"असू दे. आपण हळू आवाजात जेवू."

लगेच ते डुकराचे कान आणायला बाजारात गेले. त्याशिवाय आमच्याकडे भाताला भात म्हणत नाहीत. वाटेत त्यांनी बेकरीवाल्या चारोला आसुनच्या पोटाची खबर दिली. चारोलाही मी रोज सकाळी "एकदा चक्कर मार घरी" म्हणत असे. तिला निमित्त मिळालं.

"मी आजारी?" आसुन म्हणाली.

"दुपारपुरती."

"आणि भात?"

"पोट बिघडलेल्या माणसाला डुकराच्या कानांचा भात कसा देणार?"

ती माझ्याकडे बघत बघत खोलीत गेली आणि दार आपटून आजारी पडली.

रविवारी सेव्हेरिनो भलंमोठं पातेलं घेऊन आले, मागून केक घेऊन चारो. दार वेन्लानं उघडलं.

"कशी आहे आसुन?"

"मस्त. आत्ताच गालिचे झटकत होती."

मी पातेल्याकडे पाहिलं. चारोनं माझ्याकडे पाहिलं. आतून आवाज आला, "भात आलाय का? मग मी बरी आहे." पाठोपाठ लिपस्टिक लावलेली रोगी बाहेर आली.

सेव्हेरिनो रागावले नाहीत. त्यांनी कोटातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "तुम्ही पहिल्यांदा या म्हणालात ना, तेव्हा आणून ठेवली होती. बायको नुकतीच गेली होती. मला वाटलं, खरंच बोलावताय." हे ते हवेबद्दल बोलतात त्याच सुरात बोलले. "कपडे करून बसलोही होतो. मग लक्षात आलं. मग मीही येतो येतो म्हणायला शिकलो."

चारोनं बूच काढून वास घेतला. "व्हिनेगर झालंय याचं."

"सॅलडला चालेल," सेव्हेरिनो म्हणाले.

"तुम्ही तारीख का नाही विचारलीत?" वेन्ला.

"इथं ते विचारत नाहीत, बाळ."

वेन्लानं मान डोलावली.

मी सॅलड पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. आंबट होतं. माझ्या वाट्याला तेच यायला हवं होतं. दिवे लागले तरी कुणी उठलं नाही, आणि नंतरच्या रविवारी सेव्हेरिनो न विचारताच पातेलं घेऊन खाली आले.

जूनमध्ये वेन्लाला पोचवायला आम्ही बसस्थानकावर गेलो. वर्षभरात घरात तिच्या चपलांचीसुद्धा सवय झाली होती. "पुढच्या उन्हाळ्यात ये," मी म्हणालो. "खोली तुझीच आहे."

तिनं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. "येणार तर," ती म्हणाली, आणि बॅगेचा पट्टा नीट करत, "नक्की. एकदा येतेच."

सूर अचूक, नजर भलतीकडे. थामोरात जन्मलेल्या माणसालाही इतकं साधत नाही.

बस हलली. मी खिडकीखालून चालायला लागलो. "कधी? महिना तरी सांग!"

आसुननं माझी बाही ओढली. "लोक बघतायत. असं विचारतात का कुणाला?"