तीनशे बावन्न घंटा आणि एक बाथटब

डॉक्टर आन्सेल्म रूबर्ती यांनी त्या रविवारी सकाळपासून तीन सदरे बदलले आणि शेवटी पुन्हा पहिलाच घातला. साडेअकराला क्लेरमों शहरातून बस येणार होती. बसमध्ये तेवीस माणसं होती आणि ती सगळीच्या सगळी डॉक्टरांचं संग्रहालय बघायला येणार होती.

डॉक्टर मुळात गुरांचे. छत्तीस वर्षं त्यांनी कांतालच्या डोंगरातल्या गायींची बाळंतपणं केली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या रिकाम्या गोठ्यात गायींच्या गळ्यातल्या घंटांचं संग्रहालय मांडलं. घंटा एकूण तीनशे बावन्न. प्रत्येकीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर गायीचं नाव, गाव आणि तिला झालेला आजार. संग्रहालय उघडून नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत तिथे दोन माणसं येऊन गेली. एकजण विजेचं मीटर बघायला आला होता आणि एका बाईंना स्वच्छतागृह हवं होतं.

क्लेरमोंच्या पेन्शनरांचं 'कला आणि पंगत' नावाचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी खेड्यात जायचं, काहीतरी बघायचं आणि मग भरपेट जेवायचं, एवढंच त्याचं काम. मंडळाच्या अध्यक्ष मादाम बेरांजेर लाकॉस्त यांनी फोनवर सांगितलं होतं, की त्यांना आजवर कुणी न पाहिलेलं असं काहीतरी हवंय. डॉक्टर म्हणाले, त्या बाबतीत आपण निश्चिंत असा.

पंगतीचं बायकोने, ओडेटने, अंगावर घेतलं होतं. नऊ किलो बटाटे सोलून तिने त्रुफादची तयारी केली होती. बटाट्याच्या कापांत ताजं चीज विरघळवून केलेला हा पदार्थ कढईतून थेट ताटात पडावा लागतो. अर्धा तास गेला की त्याचा रबर होतो.

"साडेबाराच्या आत भाषण संपव," ओडेट म्हणाली.

"तीनशे बावन्न घंटा आहेत, ओडेट."

"मग काही गायी गाळ."

साडेअकराला बसचा आवाज आला. बस मात्र आली नाही. आवाज खालच्या फाट्यावर वळला आणि शेजारच्या गास्तों पेरलादच्या अंगणात जाऊन थांबला. डॉक्टर तरातरा खाली गेले. फाट्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली, 'संग्रहालय' असं लिहिलेली बाणाची पाटी होती. तिच्या खांबाला तांबडे केस चिकटले होते आणि बाण गास्तोंच्या घराकडे वळला होता. गास्तोंच्या कुठल्यातरी गायीला मान खाजवायला हाच खांब सापडला होता.

गास्तों हा अडुसष्ट वर्षांचा ब्रह्मचारी. त्याने आयुष्यात लग्न केलं नाही आणि एकही वस्तू टाकून दिली नाही. गायींना पाणी प्यायला त्याने अंगणात बाथटब ठेवला होता. कुंपणाला फाटक म्हणून लोखंडी पलंग लावला होता. दार नसलेल्या फ्रीजमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. वैरणीच्या ढिगावर ताडपत्री आणि तिच्यावर साठ-सत्तर जुने टायर. या सगळ्याच्या मधोमध गास्तों शेणाचा गाडा घेऊन उभा होता आणि त्याच्याभोवती तेवीस माणसं कोंडाळं करून उभी होती.

मादाम लाकॉस्त बाथटबकडे बघत होत्या. हा इथे का, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"पाणी प्यायला," गास्तों म्हणाला.

"कुणी?"

"गायींनी."

मंडळींत कुजबुज झाली. एका वहीवाल्या गृहस्थांनी ते शब्दशः उतरवून घेतलं. पलंगाबद्दल विचारल्यावर गास्तोंने सांगितलं, की त्याच्यावर आई गेली, मग गादी उंदरांनी खाल्ली, मग तो फाटक झाला. हे ऐकून दोन बायकांनी डोळे पुसले.

डॉक्टर घाम पुसत पुढे झाले आणि आपला काहीतरी घोटाळा होतोय असं सांगू लागले. मादामनी ओठांवर बोट ठेवून त्यांना मागे उभं राहायला सांगितलं.

"मादाम, संग्रहालय माझं आहे," डॉक्टर म्हणाले.

मादामनी मायेने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "असं काम बघितलं की प्रत्येकाला वाटतं, मोस्यू, हे मलाही जमलं असतं."

डॉक्टरांनी पाटीची हकिकत सांगितली. बाण गायीने फिरवलाय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वहीवाल्या गृहस्थांनी 'गायीने फिरवलेला बाण' असं लिहून घेतलं आणि हे कोणत्या सालचं, असं विचारलं.

गास्तोंला कामं होती. त्याने गाडा उचलला आणि उकिरड्याकडे निघाला. तेवीस माणसं मागोमाग निघाली. त्याने गाडा उपडा केला. टाळ्या पडल्या. गास्तों गर्दीतून वाट काढत डॉक्टरांपाशी आला.

"डॉक्टर, यांना झालंय काय?" तो कानात म्हणाला. "पाणी पाजू का? उन्हाने आमची वासरं करतात असं."

डॉक्टर आपल्या आयुष्यातल्या पहिल्या तेवीस प्रेक्षकांना शेणाच्या ढिगापुढे उभं असलेलं बघत होते. एवढ्यात गास्तों कोठाराच्या मागे गेला तो परतलाच नाही. कलाकाराने मुद्दाम स्वतःला बाजूला घेतलंय, असं मादामनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

बारा चाळीसला ओडेटची गाडी आली. मागच्या सीटवर दोन कढया आणि डिकीत ताटं.

"पाहुण्यांनी अजून घंटा बघितल्या नाहीत," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले.

"घंटा थंड होत नाहीत," ओडेट म्हणाली आणि तिने कढईचं झाकण काढलं.

मंडळी टायरांवर बसली. त्रुफादला एक हात लांब तार सुटत होती, सोबत गावचं सॉसेज आणि लाल वाइन होती. डॉक्टर वाढत राहिले. हा बाथटब आमचाच, आम्ही टाकून दिला तो गास्तोंने उचलला, असं ओडेटच्या तोंडून सहज निघून गेलं. त्याबरोबर सगळे ताटं हातात घेऊन तिच्याभोवती जमले. आपण यात आंघोळ केलीत का, असं एकाने अदबीने विचारलं. ओडेटचा बाथटबशेजारी फोटो काढण्यात आला. लग्नानंतर ती इतकी खुललेली डॉक्टरांनी पाहिली नव्हती.

ते वाढायचा डाव खाली ठेवून घरी चालत आले. निदान दिवे तरी मालवावेत म्हणून गोठ्यात गेले, तर आत एका उपड्या बादलीवर गास्तों बसला होता.

"गेली का ती माणसं?"

"जेवताहेत."

"मग बसतो जरा इथे."

डॉक्टरांनी सदरा खाली ओढून नीट केला. घसा खाकरला. "गास्तों, तू इथे कधी आला नव्हतास, नाही का?"

"कामं असतात," गास्तों म्हणाला.

डॉक्टरांनी पहिल्या घंटेपासून सुरुवात केली. दहाव्या घंटेपर्यंत गास्तों बादलीवरून उठला होता. विसावीपर्यंत तोच पुढे पुढे चालत होता. त्यातल्या अर्ध्या गायी त्याच्या ओळखीच्या होत्या. रोझेतला दूध कमी आणि लाथा जास्त होत्या, हे चिठ्ठीवर का नाही, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी लगेच पेन काढून ते लिहिलं. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रेक्षक हा असा शेणाने भरलेल्या बुटांत आला होता, आणि डॉक्टरांचे डोळे ओले झाले होते.

एकसष्टाव्या घंटेपाशी गास्तों थांबला.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मार्कीज. पोटफुगी.' गाव हेच. ती वाचताना डॉक्टरांना सगळं आठवलं. मार्कीजच्या पोटात नळी घालताना त्यांनी तिच्या गळ्यातली घंटा सोडून बॅगेत टाकली होती. दोन दिवसांनी ती घरी सापडली. उद्या परत देऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. तेव्हा त्यांना घंटांचा नाद नुकताच लागला होता.

"ही माझ्या आजोबांची," गास्तों सावकाश म्हणाला. "ही हरवली त्या दिवशी घरात फर्नां होता. माझ्या बहिणीचा नवरा. मी त्याला तोंडावर चोर म्हटलं. एकोणीस वर्षं झाली, आम्ही बोलत नाही."

डॉक्टरांनी घंटा खुंटीवरून काढली. "घेऊन जा, गास्तों. मी स्वतः फर्नांकडे जातो. त्याची माफी मागतो, तुझीही मागतो."

गास्तोंने घंटा हातात घेतली. अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली. एकदाच हलवली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने ती परत खुंटीला अडकवली.

"राहू दे इथेच," तो म्हणाला.

"अरे, पण का?"

"ही सापडली असं कळलं, तर दर रविवारी त्याला जेवायला बोलवावं लागेल. आणि जेवण झालं की तो गातो, डॉक्टर." गास्तोंने वाकडी झालेली चिठ्ठी सरळ केली. "बरं, ही पुढची कोणाची?"